साखरेचे १३४ लाख टन: जानेवारी २०१२ च्या औद्योगिक निर्देशांकाचे प्रकरण

काय घडले

१२ मार्च २०१२ रोजी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी महिन्याचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक, म्हणजे आयआयपी, जाहीर केला. वर्षभरापूर्वीच्या जानेवारीच्या तुलनेत वाढ होती ६.८ टक्के. डिसेंबरचा पहिला अंदाज अवघा १.८ टक्के होता आणि ऑक्टोबरमध्ये तर निर्देशांक पाचेक टक्क्यांनी घसरला होता. त्यामुळे उद्योग सावरू लागल्याची बातमी व्हायला वेळ लागला नाही. तीन दिवसांनी संसदेत आर्थिक पाहणी मांडली गेली, त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेचा मध्य-तिमाही आढावा आला आणि १६ मार्चला अर्थसंकल्प.

महिन्याभराने, १२ एप्रिलला, फेब्रुवारीचा आकडा आला: ४.१ टक्के. पण त्या दिवशी चर्चा झाली ती जानेवारीची, कारण ६.८ चे १.१ झाले होते. जानेवारीत देशात ५८.०९ लाख टन साखर तयार झाली असताना केंद्र सरकारच्या साखर संचालनालयाकडून १३४.०८ लाख टन असा आकडा आला होता, आणि तोच निर्देशांकात गेला होता.

आकडेवारीच्या चुका जगभर होतात. हे प्रकरण निवडले ते यासाठी की यात सूत्र चुकले नव्हते, वेळापत्रक मोडले नव्हते, आणि आंतरराष्ट्रीय मानकांच्या तक्त्यात बहुतेक रकान्यांसमोर बरोबरची खूण करता आली असती. चूक शिरली ती रकान्यांच्या मधल्या जागेतून. व्यक्तींची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी त्या व्यवस्थेत हेच घडू शकले असते.

पार्श्वभूमी

जीडीपीचा आकडा तिमाहीला येतो, तोही दोन महिने उशिरा. तोपर्यंत थांबणे ज्यांना परवडत नाही (रिझर्व्ह बँक, अर्थ मंत्रालय, रोखे बाजार, परदेशी गुंतवणूकदार), ते मासिक आकड्यांवर विसंबतात: औद्योगिक उत्पादन, किमती, आयात-निर्यात. यांनाच अल्पकालीन आर्थिक आकडेवारी म्हणतात. ब्राझीलचा जानेवारी आणि भारताचा जानेवारी शेजारी ठेवून पाहता यावा म्हणून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत.

या नियमांचे दोन पदर आहेत. पहिला, आकडा कसा बनवायचा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी कार्यालयाने औद्योगिक निर्देशांकाबद्दलची पहिली मार्गदर्शिका १९५० मध्येच काढली होती. सध्या लागू आहेत त्या २०१० च्या शिफारशी. कोणते उद्योग धरायचे, भार (म्हणजे एकूण निर्देशांकात कोणाचे वजन किती) कशावरून ठरवायचे, ते किती वेळा बदलायचे, हंगामी चढउतार काढून टाकलेली मालिका का द्यायची, हे सारे त्यात आहे. दुसरा पदर, आकडा लोकांपुढे कसा मांडायचा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९६ मध्ये विशेष आकडेवारी प्रसार मानक आणले, ज्याला सगळे एसडीडीएस म्हणतात. मेक्सिकोच्या १९९४-९५ च्या संकटानंतर हे सुचले, कारण बाजाराला वेळेवर खरी माहिती मिळाली नव्हती. भारत त्याच वर्षी, डिसेंबर १९९६ मध्ये, या मानकाचा सदस्य झाला. औद्योगिक निर्देशांक दरमहा द्यायचा, महिना संपल्यापासून सहा आठवड्यांत द्यायचा, प्रसिद्धीच्या तारखा आधी जाहीर करायच्या, सर्वांना तो एकाच वेळी द्यायचा आणि आकडे पुढे बदलणार असतील तर ते कसे बदलतात हेही सांगायचे, अशा त्याच्या अटी.

बारा तारखेचे मूळ या सहा आठवड्यांत आहे. जानेवारीचा आकडा मार्चच्या बारा तारखेला, कारण ३१ जानेवारीनंतरचे सहा आठवडे साधारण तिथे संपतात.

आता हा आकडा दिल्लीत तयार होतो, पण दिल्लीत गोळा होत नाही. २००४-०५ या आधारभूत वर्षाच्या मालिकेत १६ संस्था आपापली माहिती पाठवत. सर्वांत मोठा वाटा औद्योगिक धोरण व प्रोत्साहन विभागाचा. त्याखेरीज खनिजांचे आकडे नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोकडून, कापडाचे मुंबईतल्या वस्त्रोद्योग आयुक्तालयाकडून, चहाचे कोलकात्याच्या चहा मंडळाकडून, विजेचे केंद्रीय वीज प्राधिकरणाकडून आणि साखरेचे साखर संचालनालयाकडून. रेल्वे, मीठ, ताग, कोळसा, कॉफी, वनस्पती तूप यांचीही वेगवेगळी कार्यालये. सांख्यिकी कार्यालय ६८२ वस्तूंचे आकडे ३९९ गटांत बसवून, भार लावून, एक संख्या काढत असे.

या सोळांपैकी बहुतेक संस्था सांख्यिकीसाठी स्थापन झालेल्या नाहीत. त्यांचे काम नियमन. आकडे त्यांच्याकडे असतात कारण त्यांना परवाने, कोटे आणि साठे सांभाळायचे असतात. या प्रकरणाची मेख इथेच आहे.

अडचण: एकाच आकड्याचे दोन उपयोग

२०१२ मध्ये साखरेवर सरकारचा ताबा होता. कारखान्याच्या उत्पादनातला दहावा हिस्सा लेव्ही म्हणून रेशनसाठी ठरलेल्या दराने द्यावा लागे. उरलेली साखरही केव्हा आणि किती विकायची याचा कोटा दिल्लीतून सुटे. ही पद्धत एप्रिल २०१३ मध्ये रंगराजन समितीच्या अहवालानंतर बंद झाली. ती चालू असताना संचालनालयाला मुख्यतः एकच हिशेब हवा असे: हंगाम सुरू झाल्यापासून एकूण साखर किती झाली, आधीचा शिल्लक साठा किती, त्यातून सोडायची किती. साखरेचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. म्हणजे त्या टेबलावर बोलला जाणारा आकडा ‘आजअखेर’चा.

निर्देशांकाला मात्र ‘आजअखेर’ चालत नाही. त्याला हवा फक्त त्या महिन्याचा आकडा, १ जानेवारी ते ३१ जानेवारी.

१३४ लाख टनांकडे या नजरेने पाहिले तर ते अगदीच आभाळातून पडलेले दिसत नाहीत. जानेवारीत ५८ लाख टन झाले असतील, तर डिसेंबरमध्ये त्याहून काहीसे कमी, नोव्हेंबरमध्ये गाळप जोर धरत असताना वीसेक लाख आणि ऑक्टोबरमध्ये नावापुरते. चारींची बेरीज साधारण त्याच पट्ट्यात येते. महिन्याच्या रकान्यात हंगामाची बेरीज बसली असावी, हा माझा तर्क आहे. पण तर्क बाजूला ठेवला तरी मुद्दा तोच: पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोक्यात ‘जानेवारीचे उत्पादन’ या शब्दांचा अर्थ एकच आहे, याची खातरजमा करणारी पायरी मध्ये नव्हती किंवा असून चालली नाही.

एवढ्याशा साखरेने निर्देशांक एवढा हलला कसा

साखरेचा भार २००४-०५ च्या मालिकेत साधारण दीड टक्का होता. दीड टक्का भाराची वस्तू कितीही वरखाली झाली तरी एकूण आकडा किती हलणार, असे वाटणे साहजिक आहे. इथे जरा हिशेब करून पाहायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो कुठे दिसला नाही.

निर्देशांक प्रत्येक वस्तूच्या या महिन्याच्या उत्पादनाला आधारभूत वर्षाच्या मासिक सरासरीने भागतो. २००४-०५ च्या सुमारास देशाचे वार्षिक साखर उत्पादन १३० लाख टनांच्या आसपास होते, म्हणजे मासिक सरासरी साधारण ११ लाख टन. साखर बारा महिने बनत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जवळपास शून्य आणि जानेवारीत शिखर. त्यामुळे खऱ्या ५८ लाख टनांनाही साखरेचा स्वतःचा निर्देशांक ५३० च्या घरात जातो. १३४ लाख टनांना तो १२२० च्या घरात. फरक सुमारे ६९० अंक. त्याला दीड टक्क्याने गुणा, एकूण निर्देशांकात दहा-साडेदहा अंक पडतात. आदल्या जानेवारीचा एकूण निर्देशांक १७६ च्या आसपास होता. १७६ वर दहा अंक म्हणजे जवळपास सहा टक्के. जाहीर झालेल्या आणि दुरुस्त आकड्यांतला फरक ५.७. हिशेब जुळतो.

म्हणजे ६.८ टक्के वाढीत बहुतेक ‘वाढ’ एकट्या साखरेच्या चुकीची होती.

शिवाय ६.८ हा आकडा त्या काळात अविश्वसनीय वाटत नव्हता. ती मालिका आधीपासूनच उड्या मारत होती. भांडवली वस्तूंच्या गटात एखाद्या महिन्यात मोठी ऑर्डर पूर्ण झाली की आकडा आकाशाला भिडे, पुढच्या महिन्यात आपटे. अशा गोंगाटात एक चुकीचा सूर वेगळा ऐकू येत नाही. शांत मालिकेत हीच चूक दुपारच्या आत पकडली गेली असती.

निर्णयाचे क्षण आणि समोरचे पर्याय

पहिला क्षण आकडा हाती येण्याचा. इथे तीन वाटा होत्या: आहे तसा घेणे, परत विचारणे, किंवा तो बाजूला ठेवून स्वतःचा अंदाज भरणे. अंदाज भरणे यात गैर काही नाही. एखाद्या संस्थेचा आकडा वेळेत आला नाही तर आधीच्या महिन्यांवरून किंवा गेल्या वर्षाच्या कलावरून तो भरायचा आणि नंतर दुरुस्त करायचा, ही सर्वमान्य पद्धत आहे. जगभरचे सांख्यिकी विभाग आज एसडीएमएक्स नावाच्या ज्या मांडणीत आकडे एकमेकांना पाठवतात, तिच्यात प्रत्येक आकड्याशेजारी तो अंदाजित आहे, तात्पुरता आहे की नेहमीचा, याची खूण देण्याची सोय आहे.

परत विचारायचे तर आधी शंका यायला हवी. ती यायला किती लागले असते? साखरेतल्या माणसाला विचारा. ऊस गाळपाच्या दिवसांत साखर आयुक्तालयाकडे प्रत्येक कारखान्याचा रोजचा अहवाल जातो: किती टन गाळप, किती क्विंटल साखर, उतारा (उसातून निघालेल्या साखरेचे प्रमाण) किती. २०११-१२ च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे ९० लाख टन साखर काढली आणि देशात पहिला नंबर लावला. संपूर्ण देशाची वर्षभराची साखर २६० लाख टनांच्या आसपास. मग एका जानेवारीत १३४ लाख टन म्हणजे वर्षाची निम्मी साखर ३१ दिवसांत! दिवसाला ४.३ लाख टन. दहा टक्के उतारा धरला तर रोज ४३ लाख टन ऊस गाळायला हवा. देशात तेव्हा पाचशेच्या वर कारखाने चालू होते आणि सरासरी कारखाना दिवसाला साडेतीन-चार हजार टन गाळतो. सगळे कारखाने पूर्ण ताकदीने चालवले तरी २० लाख टनांपुढे गाडी जात नाही. ५८ लाख टनांचा खरा आकडा मात्र या हिशेबात चपखल बसतो: रोजचा ऊस १९ लाख टनांच्या आत.

कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही कारखान्यातल्या शेतकी विभागाच्या कारकुनाने हे तोंडी सांगितले असते. दिल्लीतल्या टेबलावर बसलेल्याला ३९९ गट सांभाळायचे असत. साखर, सिमेंट, टायर, औषधे, सगळ्यांतले ठोकताळे त्याला पाठ असावेत ही अपेक्षा अन्यायाची. म्हणून ठोकताळे माणसाच्या डोक्यात न ठेवता प्रणालीत ठेवावे लागतात.

दुसरा क्षण प्रसिद्धीच्या आदल्या दिवसांचा. तारीख आधीच जाहीर. ती पाळणे हा एसडीडीएसचा कणा आहे, आणि ते योग्यच आहे. सरकारला नको असलेला आकडा ‘तपासणी चालू आहे’ म्हणून लांबवता येऊ नये, यासाठीच तर आगाऊ वेळापत्रक असते. अर्थसंकल्पाच्या आठवड्यात आयआयपी पुढे ढकलला असता तर कोणाचाही पहिला संशय राजकारणावर गेला असता. म्हणजे तारीख मोडणे हा खरा पर्याय नव्हताच. खरा पर्याय होता तारीख पाळून त्या एका वस्तूसाठी अंदाज वापरणे आणि पत्रकात तसे सांगणे.

यासाठी एक तक्ता पुरेसा होता: एकूण वाढीत कोणत्या वस्तूचा किती वाटा. असा तक्ता समोर असता तर साखरेसमोर सहाच्या आसपासचा आकडा दिसला असता आणि बाकी ३९८ गटांनी मिळून उरलेले. त्या दिवशीच्या पत्रकातही खूण होतीच. टिकाऊ नसलेल्या ग्राहक वस्तूंच्या गटाची वाढ ४० टक्क्यांहून अधिक दाखवली होती. साबण, तेल, बिस्किटे, औषधे, साखर यांचा हा गट. देश एका वर्षात दीडपट साबण वापरू लागत नाही.

तिसरा क्षण चूक कळल्यानंतरचा. मानके इथे दोन गोष्टी सांगतात आणि त्या एकमेकींना थोड्या आडव्या जातात. एक, बदल ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पद्धतीने करा, रोज आकडे हलवू नका. दोन, ठळक चूक आढळली तर ती लवकर आणि उघडपणे दुरुस्त करा. भारतात त्या वेळी ठरलेली पद्धत अशी होती: त्वरित अंदाज, पुढच्या महिन्यात पहिली दुरुस्ती, आणखी दोन महिन्यांनी अंतिम. अधेमध्ये, वेळापत्रकाबाहेर दुरुस्तीची वाट ठरवून ठेवलेली नव्हती.

चौथा क्षण स्पष्टीकरणाचा. दुरुस्ती नुसती तक्त्यात करून गप्प बसायचे, की मोकळेपणाने सांगायचे? आणि सांगायचे तर दोष कोणाचा म्हणायचे?

प्रत्यक्षात काय केले

आकडा आला तसा घेतला. तारीख पाळली. दुरुस्ती नेहमीच्या चक्रात, १२ एप्रिलच्या पत्रकात झाली. आणि स्पष्टीकरण उघडपणे, दोन्ही आकडे टनांसह देऊन झाले: १३४.०८ आला होता, ५८.०९ हवा होता, चूक साखर संचालनालयाच्या माहितीत होती.

हे शेवटचे पाऊल मी कमी लेखणार नाही. अधिकृत सांख्यिकीची संयुक्त राष्ट्रांची जी मूलभूत तत्त्वे १९९४ मध्ये ठरली, त्यांत स्रोत आणि पद्धती याबद्दलची माहिती लोकांपुढे मांडण्यावर भर आहे. नेमकी वस्तू, नेमके दोन आकडे आणि चुकीचे ठिकाण सांगितल्यामुळेच आज हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिता येते. काही महिने आधी, डिसेंबर २०११ मध्ये, निर्यातीच्या आकड्यांत सुमारे ९ अब्ज डॉलरची फुगवट असल्याचे वाणिज्य मंत्रालयालाही जाहीर करावे लागले होते. अशा चुका लागोपाठ बाहेर आल्या की लाज वाटते, पण त्या बाहेर आल्या हे विसरू नये.

खटकते ते दुसरेच. ‘स्रोताने चुकीचा आकडा दिला’ हे खरे असले तरी अर्धे. पत्रकावर सही सांख्यिकी कार्यालयाची. बाजार साखर संचालनालयाचा आकडा वाचत नाही, तो आयआयपी वाचतो. भेसळीचे दूध आणणाऱ्या गवळ्याकडे बोट दाखवून हलवायाची सुटका होत नाही.

परिणाम

रिझर्व्ह बँकेने १५ मार्चच्या आढाव्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ८.५ टक्क्यांवर तसाच ठेवला. १७ एप्रिलला, दुरुस्त आकडा आल्यानंतर पाच दिवसांनी, तो अर्ध्या टक्क्याने कमी करून ८ टक्क्यांवर आणला. तीन वर्षांतली ती पहिली कपात. या दोन निर्णयांच्या मध्ये आयआयपीची दुरुस्ती आली म्हणून एकाचे कारण दुसरे ठरत नाही. महागाई, रुपया, तुटीचा अर्थसंकल्प, सगळेच तेव्हा ताटात होते. इतकेच म्हणता येते की मार्चमधल्या ज्या आठवड्यात देशाच्या आर्थिक धोरणाची तीन मोठी कागदपत्रे आली, त्या आठवड्यात उद्योगाचा ताजा आकडा प्रत्यक्षापेक्षा सहापट चांगला दिसत होता.

३१ मे रोजी जानेवारी-मार्च तिमाहीचा जीडीपी आला: वाढ ५.३ टक्के, जवळपास नऊ वर्षांतली नीचांकी. तोपर्यंत साखर दुरुस्त झाली होती. मोठ्या हिशेबात चूक पोचली नाही. आयआयपीवरचा विश्वास मात्र पुढची काही वर्षे डळमळीत राहिला. अर्थतज्ज्ञ वाहनविक्री, वीज, सिमेंट, रेल्वेची मालवाहतूक असे सुटे आकडे जोडून आपापले अंदाज बांधू लागले. तसे करणे वाईट नाही. पण अधिकृत आकडा असताना त्याला बगल देऊन तसे करावे लागणे वाईट.

मे २०१७ मध्ये २०११-१२ या आधारभूत वर्षाची नवी मालिका आली. वस्तू ८०९ झाल्या. भांडवली वस्तूंपैकी ज्यांना बनायला महिनोन् महिने लागतात, त्यांचे अर्धवट झालेले कामही मोजायला सुरुवात झाली, म्हणजे ऑर्डर पूर्ण होण्याच्या महिन्यातली उडी कमी व्हावी. वस्तूंची यादी सतत पाहत राहण्यासाठी कायमची तांत्रिक समिती नेमण्याचे ठरले. ही पावले साखरेच्या चुकीमुळे उचलली गेली असे म्हणणे बरोबर नाही, त्यांचे काम आधीपासून चालू होते. पण मालिकेचा गोंगाट कमी करण्याच्या दिशेने ती पडली, आणि चूक लपण्याची जागा थोडी आकसली.

वेगळे काय करता आले असते

घडून गेल्यावर शहाणपण स्वस्त असते, त्यामुळे त्या वेळी हाताशी असलेल्या साधनांतच बोलू.

सगळ्यात स्वस्त उपाय कागदाचा होता. माहितीच्या नमुन्यात एक रकाना मागण्याऐवजी दोन मागायचे: महिन्याचे उत्पादन आणि हंगामाच्या सुरुवातीपासूनचे एकूण. या महिन्याच्या एकूणातून गेल्या महिन्याचे एकूण वजा केले की महिन्याचा आकडा यायला हवा. नाही आला तर संगणक पुढे जाऊ देणार नाही. बँकेच्या पासबुकात जमा-खर्चासोबत शिल्लक का छापतात, त्याचेच हे तत्त्व. चहा, मीठ, साखर, कापूस अशा हंगामी मालाला तर हे अनिवार्यच हवे होते.

दुसरा उपाय कमाल मर्यादेचा. आदल्या वर्षाच्या तुलनेत किती टक्के फरक, अशी चाळणी बहुतेक ठिकाणी असते, पण उड्या मारणाऱ्या मालिकेत ती सैल ठेवावी लागते, नाहीतर दरमहा शंभर वस्तू अडकतात. त्यापेक्षा क्षमतेची चाळणी घट्ट बसते. साखर कारखान्यांची दैनिक गाळप क्षमता सरकारदरबारी नोंदलेली असते. तिच्या दुप्पट उत्पादन कोणत्याही वर्षी, कोणत्याही हवामानात शक्य नाही. सिमेंट, खत, वीज यांनाही हेच लागू.

तिसरा उपाय माणसांचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. सोळा संस्थांमधल्या आकडे पाठवणाऱ्या व्यक्तीला आपला आकडा पुढे कुठे जातो, त्याचा निर्देशांकातला भार किती, जानेवारीत तो कितीपट मोठा होतो, हे कोणी सांगितले होते का? संचालनालयाच्या टेबलावर जो आकडा फक्त कोट्याच्या हिशेबाचा होता, तोच पुढे दहा अंकांनी निर्देशांक हलवतो हे त्या माणसाला माहीत असते तर पाठवण्याआधी त्याने आणखी एकदा पाहिले असते. वर्षातून एकदा सोळाही संस्थांच्या माणसांना एका खोलीत बसवून हे दाखवणे खर्चाचे काम नाही.

हंगामाचा मुद्दा जरा वेगळा. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी हंगामी चढउतार काढलेली मालिका द्यायला सांगतात, आणि युरोपीय संघाने तर १९९८ च्या अल्पकालीन सांख्यिकी नियमापासून सदस्य देशांना एकसारख्या आकड्यांच्या शिस्तीत बांधले. भारताचा ठळक आकडा मात्र वर्षभरापूर्वीच्या त्याच महिन्याशी तुलनेचाच होता. हंगाम काढलेली मालिका तपासणीच्या टेबलावर तरी असती तर साखर तिथे लगेच उठून दिसली असती. कारण अशी मालिका बनवताना प्रत्येक वस्तूचा नेहमीचा जानेवारी कसा असतो हे आधी मांडावे लागते, आणि मग त्यातून बाहेर पडलेला जानेवारी आपोआप वेगळा निघतो. अर्थात ३९९ गटांसाठी हे करणे तेव्हाच्या मनुष्यबळात जड होते. सगळ्यांत जास्त हंगामी अशा वीस-पंचवीस वस्तूंपासून सुरुवात करता आली असती.

वेळापत्रकाबाहेरच्या दुरुस्तीबद्दल मात्र मी अजून ठाम नाही. पाच-सहा टक्के अंकांची चूक कळल्यावर पुढच्या बारा तारखेची वाट पाहू नये, हे पटते. पण ‘कितीची चूक म्हणजे तातडीची’ हे आधी लिहून ठेवले नसेल तर प्रत्येक दुरुस्तीवर ‘आताच का?’ असा प्रश्न येणार, आणि तो रास्त असणार. एखादी मर्यादा, समजा एकूण वाढीत एक टक्का अंक, जाहीर धोरणात लिहून ठेवायची. ती ओलांडली की दोन दिवसांत दुरुस्ती, नाहीतर नेहमीचे चक्र. मर्यादा एकची असावी की दोनची यावर वाद घालता येईल. ती लिहिलेली असावी यावर घालता येणार नाही.

एप्रिल २०२५ पासून सांख्यिकी मंत्रालयाने आयआयपी ४२ दिवसांऐवजी २८ दिवसांत, म्हणजे दर महिन्याच्या २८ तारखेला, द्यायला सुरुवात केली. मानकाने मागितलेल्यापेक्षा हे दोन आठवडे लवकर आहे, आणि वापरणाऱ्यांना ते हवेच होते. मात्र आकडा हाती आल्यापासून पत्रक निघेपर्यंतची, परत विचारायची जी मुदत २०१२ मध्ये वापरली गेली नाही, ती आता मुळातच कमी उरली आहे. रोज अहवाल ऑनलाइन येणाऱ्या साखरेसारख्या मालाला त्याने फारसा फरक पडू नये. ज्या कारखान्यांचे आकडे अजून महिन्याच्या शेवटी, हाताने भरलेल्या नमुन्यातून येतात, त्यांच्याबाबतीत क्षमतेची आणि वजाबाकीची चाळणी आधी बसवायची की तारीख आधी अलीकडे आणायची, हा क्रमाचा प्रश्न आहे. तारीख अलीकडे आणून झाली आहे.